सिमेंटच्या पत्र्याची धूळ व फुप्फुसांचे विकार

जामसंडे व देवगड परिसरात आंब्याचा हंगाम आटोपत आला की घरे, गोठे व बागेतील मांगर यांची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी सुरू होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगत गेले, तेव्हा तर पुष्कळ छपरांचे पत्रे उडाले व फुटले. सिमेंटचा पत्रा खाऱ्या हवेत गंजत नाही, म्हणून तो कोकणात सर्वत्र पसरला. या पत्र्यांत बहुधा सिमेंटबरोबर सुमारे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

पत्रा शाबूत असतो तोवर हे तंतू सिमेंटात घट्ट बसलेले असतात. करवतीने कापताना, भोक पाडताना, तारेच्या ब्रशाने शेवाळ खरवडताना किंवा तुकडे फोडताना ते सुटतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. त्यामुळे फुप्फुसे ताठर होऊन दम लागतो, फुप्फुसांचा कर्करोग होऊ शकतो, किंवा फुप्फुसांच्या आवरणास मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग जडतो. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये या रोगाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील काही जण खाणीत कधीच कामास नव्हते, केवळ खाणीच्या परिसरात राहिले होते. हा रोग वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. म्हणून ‘इतके पत्रे कापले, काही झाले नाही’ हा अनुभव येथे उपयोगाचा नाही. एखादा पत्रा हाताळणाऱ्यास धोका अल्प. नित्य पत्रे कापणाऱ्या कारागिरास तो अधिक. त्यात विडीचे व्यसन असेल तर फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

मुंबईत मुलुंड व घाटकोपर येथे ॲस्बेस्टॉसचा माल बनविणारे कारखाने अनेक वर्षे चालले. अशा कामावरून निवृत्त होऊन गावी परतलेल्या चाकरमान्यास दम लागत असेल, तर ग्रामसेवकांनी त्यास जुन्या कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून देण्यास सांगावे. एरवी हा विकार क्षय समजला जाण्याचा संभव असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार अशा कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर, कारखान्याने ठेवावयाची आहे. ती मागून घ्यावी.

छपराचा पत्रा काढावयाचा झाल्यास प्रथम तो पाण्याने चिंब भिजवावा, आकड्यांचे नट सोडवून अखंड उतरवावा, फेकू नये. जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो अचानक मोडून माणसे खाली पडतात. विजेच्या यंत्राने कापणे सर्वथा टाळावे. तोंडास बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. सांडलेला चुरा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा, व कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू न देता वेगळे भिजवून धुवावेत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याचे आढळले आहे. फुटके तुकडे गडग्यात, पायवाटेवर किंवा कलमांच्या आळ्यांत भरण्याची चाल सोडावी. ते जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत व त्यांच्या विल्हेवाटीविषयी नगरपंचायतीस अगर ग्रामपंचायतीस विचारावे.