दुकानाची पाटी आणि अरुंद ठळक अक्षर

व्यापारी व कारागीर बंधूंनो, गाळा दहा फूट रुंद, दुकानाचे नाव लांबलचक आणि पाटीवर मराठी, इंग्रजी, उर्दू तिन्ही लिपी बसवायच्या, ही अडचण आपणा बहुतेकांची आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. त्यातील मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणून पेंटर किंवा फ्लेक्सवाला सुचवतो, अक्षर उंच, अरुंद आणि जाड घ्या. सल्ला बरोबर आहे, परंतु त्यात एक मेख आहे.

इंग्रजीत या जातीचे सर्वांच्या ओळखीचे अक्षर म्हणजे इम्पॅक्ट. इंग्लंडातील शेफिल्ड या पोलादाच्या शहरी स्टीफनसन ब्लेक या टाईप ओतणाऱ्या कंपनीने १९६५ साली ते शिशाच्या खिळ्यांत काढले. आराखडा जेफ्री ली यांचा. ते जाहिरातीच्या धंद्यातले. ठरलेल्या जागेत जास्तीत जास्त शाई कागदावर उमटावी हा त्यांचा हिशोब, त्यामुळे अक्षराच्या पोटात जेमतेम फटीएवढी पांढरी जागा उरली. दिसायला कारखान्यात ठोकून काढल्यासारखे, पण लांबून नजर ओढते.

देवनागरीचे गणित वेगळे. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. पोट बुजले की ‘ब’ आणि ‘व’ सारखे दिसतात. ‘ध’च्या डोक्यावरची मोकळी जागा भरली की ‘धोतर’चे ‘घोतर’ होते, आणि गिऱ्हाईक हसत पुढच्या दुकानात जाते! इंग्रजी अक्षरे थोडी दूर दूर ठेवून सुधारता येतात. आपल्याकडे तसे केले तर शिरोरेषाच तुटते.

मेख आहे ती इथेच. संगणकावरचा कारागीर पुष्कळदा साधे अक्षर दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करतो. तसे केल्याने उभा दंड बारीक होतो आणि शिरोरेषा जाडच राहते. कापड आडवे आटले तर उभ्या-आडव्या धाग्यांचा मेळ बिघडतो, तसलाच हा प्रकार. मुळातच अरुंद म्हणून काढलेले अक्षर मागावे. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेले, मनुषी पारीख यांनी रेखाटलेले ‘टेको’ असे आहे. चौकोनी, साधे, देवनागरी व इंग्रजी दोन्हींत, आणि विनामूल्य मिळते. त्याचे सर्वांत जाड रूप एक-दोन शब्दांपुरतेच आहे. नाव लांब असेल तर एक पायरी कमी जाडीचे घ्यावे.

उर्दू नस्तालीक मात्र या साच्यात कधी घालू नये. तिचा शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो, त्याला उंची लागते. आमचे शिक्षण उर्दूतले. दाबलेली नस्तालीक आमच्याने पाहवत नाही. मराठी अरुंद केल्याने वाचलेली रुंदी उर्दूला द्यावी.

पाटी रंगवण्यापूर्वी नाव खऱ्या मापात कागदावर काढून गाळ्यावर चिकटवावे आणि रस्त्याच्या पलीकडून, दिवेलागणीलाही, अनोळखी माणसाकडून वाचून घ्यावे. तो जिथे अडेल तेवढे अक्षर मोकळे करून घ्यावे. पत्ता, फोन आणि मालाची यादी मात्र साध्या रुंद अक्षरातच ठेवावी.