तुरीच्या मरीवर काम करताना

लातूर,
१२ जून

चि. मृण्मयी हीस,


नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात तुझं पीएच.डी.ला नाव लागलं, विषयही वनस्पतिरोगशास्त्राचा मिळाला, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. ‘तुरीच्या मर रोगात आता नवं काय उरलंय?’ असं तू तिच्यापाशी म्हणालीस म्हणे. म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडचे बरेच प्रबंध पेट्री डिशमध्येच संपतात. एका कडेला रोगाची बुरशी, दुसऱ्या कडेला तिला रोखणारी मित्रबुरशी ट्रायकोडर्मा. आठवड्यात ट्रायकोडर्मा पसरते, वाढ किती टक्के रोखली ते तक्त्यात भरलं की काम झालं. तो प्रयोग तूही कर, पण तिथं थांबू नकोस. पावसानं महिनाभर ओढ दिल्यावर काळ्या रानात ती ट्रायकोडर्मा जगते का? बियाण्याला चोळलेली, फुलोऱ्यापर्यंत मुळाशी टिकते का? हे शेतातच कळेल. मरीची बुरशी, फ्युजॅरियम उडम, मुळातून शिरते, पाणी नेणाऱ्या नळ्या बंद करते आणि ऐन फुलाशेंगांत उभं झाड वाळवते. तोवर शेतकऱ्याचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. घाबरून तो दुकानदार देईल ते फवारतो. वरून मारलेलं औषध त्या मुळाशी पोचत नाही, हे त्याला पेरणीआधी सांगणारं कुणीतरी हवं. ते तू व्हावंस, असं मला मनापासून वाटतं.

आता नव्याचं. ज्वारीत तूर घेतली तर मर कमी राहते, हे इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या प्रयोगांत १९८०च्या दशकातच दिसलं. आपले आजोबा ज्वारीतच तुरीच्या ओळी धरायचे. आज लातूर-नांदेडच्या खरिपातून ज्वारी जवळजवळ हटली आणि तूर सोयाबीनच्या शेजारी गेली. मग मरीचं काय झालं? सोयाबीनची मुळं कुजवणारी मॅक्रोफोमिना ही बुरशीही त्याच जमिनीत असते; ती आणि फ्युजॅरियम एकमेकींना आवरतात की एकमेकींच्या पथ्यावर पडतात? हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. तो परदेशातलं कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

आधी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन ये. बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११ हे वाण तिथले. मुद्दाम रोगट ठेवलेल्या जमिनीत वाण कसे पारखतात, ते डोळ्यांनी बघ. प्रतिकार बियाण्यातच असला तर शेतकऱ्याला फवारणीचा खर्च नाही आणि रानात विषही नाही. पण बुरशीही बदलत असते, म्हणून तुझ्या गावागावांतल्या नमुन्यांवर हे वाण अजून तग धरतात का, ते तपासायला हवं.

निदानाची घाई करू नकोस. २०२३ला इकडचं सोयाबीन पिवळं पडलं, तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू होता. बुरशीनाशकाचा त्यावर काडीचा उपयोग नव्हता. मोजमापही नेटकं ठेव. मायी आणि दातार यांची ‘फायटोपॅथोमेट्री’ ही पुस्तिका १९८६मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढली. रोगाची तीव्रता शून्य ते नऊ अंकांत मांडायला आजही देशभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात. परभणीत झालेलं हे काम आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. यूजीसीनं २०२२च्या नियमावलीत पीएच.डी.साठी निबंधाची सक्तीच काढली आहे. नोकरीची काळजी मला कळते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी मुलं मी पाहते आहे. तरी नेट-सेटचा अभ्यास सोबत चालू ठेव आणि वेगळ्या केलेल्या चांगल्या बुरश्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय संग्रहात जमा कर. तिथला क्रमांक मिळाला की तुझं काम दुसऱ्या कुणालाही पडताळता येईल.

नमुना घेताना झाड मुळासकट काढ, खोड उभं चिरून आतल्या काळ्या रेषा बघ आणि कागदी पिशवीत घाल. प्लॅस्टिकमध्ये तो घामेजून कुजतो. पिशवीवर गाव, तारीख, वाण आणि त्या रानातलं आधीचं पीक पेन्सिलीनं लिही. आधीचं पीक शेतकऱ्यालाच विचार.

तुझी,
मावशी