मुक्त प्रवेशानंतर काय? : कम्युनिटी कॉलेजातील विकासात्मक शिक्षण

उच्च शिक्षणाचा प्रसार मोजताना आपण बहुधा प्रवेशाचे प्रमाण पाहतो. परंतु प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे आणि तेथील ‘विकासात्मक शिक्षण’ हे क्षेत्र याच प्रश्नातून उभे राहिले.

पार्श्वभूमी

इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पुढे अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांचा पुरस्कार केला. येथे प्रवेश सामान्यतः सर्वांना खुला असतो. नोकरी करणारे प्रौढ, स्थलांतरित कुटुंबांतील तरुण व घराण्यात प्रथमच महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी ज्यांचे वाचन, लेखन किंवा गणित कच्चे असते, त्यांच्या पूर्वतयारीच्या अध्यापनास विकासात्मक शिक्षण म्हणतात. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात १९७० मध्ये मुक्त प्रवेश सुरू झाल्यावर मिना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांच्या हजारो निबंधांचा अभ्यास केला. चुकांमागेही तर्क असतो व तो शिक्षकाने ओळखला पाहिजे, हे त्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

व्यवसायाचे स्वरूप

या क्षेत्रातील अध्यापकास सामान्यतः पदव्युत्तर पदवी पुरेशी असते. संशोधनापेक्षा अध्यापनाला अधिक महत्त्व असते. मात्र कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ आहेत. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांप्रमाणेच त्यांना उत्पन्नाची शाश्वती नसते. सर्वाधिक आधाराची गरज असलेले विद्यार्थी अशा रीतीने सर्वांत अस्थिर नोकरी करणाऱ्यांच्या हाती सोपविले जातात.

पुराव्याने बदललेली दिशा

समजा, मुख्य अभ्यासक्रमापूर्वी तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी ७० टक्के विद्यार्थी ओलांडतात. तर १०० पैकी ७०, मग ४९ आणि अखेरीस केवळ ३४ विद्यार्थी मुख्य वर्गात पोहोचतात. या काळात शुल्क भरावे लागते, पण मिळालेले श्रेयांक पदवीसाठी धरले जात नाहीत. बुडालेली मजुरी हा संधी खर्च वेगळाच. शिवाय स्थाननिश्चिती चाचण्यांमुळे अनेकांना विनाकारण खालच्या वर्गात बसविले जाते, असे २०१२ मधील संशोधनातून दिसून आले.

परिणामी फ्लोरिडाने २०१३ मध्ये बहुतांश विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने शालेय गुणांना महत्त्व देऊन सक्तीच्या पूर्वतयारी वर्गांवर मर्यादा घातली. मुख्य वर्ग व त्याच सत्रात साहाय्याचा तास, अशा जोडअभ्यासक्रमाचा प्रयोग मेरीलँडमधील बाल्टिमोर काउंटीच्या कॉलेजात २००७ मध्येच सुरू झाला होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने ‘असॅप’ कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ अभ्यासाच्या अटीवर शुल्कसाहाय्य, प्रवासखर्च व नियमित मार्गदर्शन असे त्याचे स्वरूप होते. चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशा पद्धतीने केलेल्या मूल्यमापनात, कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी मिळविली. इतरांत हे प्रमाण २२ टक्के होते. प्रतिविद्यार्थी खर्च वाढला, परंतु प्रतिपदवी खर्च घटला. खर्चाचे मोजमाप कोणत्या एककात करावे, हा यातील मुख्य धडा होय.

भारताच्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) राबविलेल्या कम्युनिटी कॉलेज योजनेचा भर कौशल्य शिक्षणावर होता. म्हणून केवळ नामसाधर्म्यावरून दोन्ही संस्था एकच समजू नयेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी आयोगाने राबविलेले उपचारात्मक वर्ग हे विकासात्मक शिक्षणाच्या अधिक जवळचे होत.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, स्वतंत्र पूर्वतयारी वर्ग कमी झाले तरी विद्यार्थ्यांच्या अडचणी संपलेल्या नाहीत. त्या आता मुख्य वर्गात आल्या आहेत. तेथे विषयज्ञान, मार्गदर्शन आणि संयम यांची सांगड घालणारा अध्यापक नसेल, तर खुल्या दारातून आत आलेला विद्यार्थी पदवीविनाच बाहेर पडेल.