मुंबईस नेण्याची भेट

चिखलीहून मुंबईस आप्तांकडे निघालेला मनुष्य सहसा रिकाम्या हाताने जात नाही; परंतु ते आप्त कोणत्या वस्तीत राहतात, याचा विचार फार थोडे लोक करतात. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी घ्या. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या या चाळींत एका कुटुंबास अवघी १६० चौरस फुटांची खोली असे. तेथे ज्वारीचे पोते नेणे म्हणजे यजमानाची निजण्याची जागा अडविणेच होय! चाळीत शेजाऱ्यांस वाटता येतील असे तिळाचे लाडू न्यावेत, आणि तेही मोजके नव्हेत. हल्ली या चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरे देण्यात येत आहेत. तेथे ज्वारी सुखाने मावेल.

दादरकरांस फुले कशाला? तेथे पहाटेच फुलांचा मोठा बाजार भरतो. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत भरून ठेवतात. त्यांस आपल्या तिखटापेक्षा तूरडाळ द्यावी. समुद्राकाठच्या दमट हवेत कुरडया लवकर सादळतात, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यातूनच न्याव्यात, आणि तो डबा परत मागू नये.