गवत ओळखणारी माणसं हवी आहेत

‘बॉटनी घेऊन पुढे करणार काय?’ बारावीत असताना मुलीने हा विषय काढला की घरात पहिला प्रश्न हाच येतो. आईवडिलांच्या डोळ्यांपुढे बी.एड. आणि रखडलेली प्राध्यापक भरती असते. ही काळजी रास्त आहे. पण वनस्पतिशास्त्राची आणखी एक वाट आता रुळू लागली आहे : बिघडलेली जंगलं, कुरणं, पाणथळी पुन्हा उभी करण्याची. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक याच कामासाठी जाहीर केलं आहे.

या कामाचा वृक्षारोपणाशी फारसा संबंध नाही, हे आधीच सांगते. उदाहरणार्थ, मेळघाटात गावांचं पुनर्वसन झालं आणि मागे मोकळी शेतं राहिली. तिथे आपसूक चांगलं गवत येत नाही. माजतो तो तरोटा आणि रानतुळस. वन विभागाने गवताचे अभ्यासक प्रा. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली अशा जागी कुरणं घडवली. तण फुलोऱ्यावर येण्याआधी उपटायचं, नाहीतर त्याचं बी मातीत पडून पुढच्या वर्षी दुप्पट त्रास. चांगल्या गवतांचं पिकलेलं बी हाताने गोळा करायचं, वाळवायचं, जपायचं आणि पावसाच्या तोंडावर पेरायचं. हे करणाऱ्याला फुलोरा नसतानाही गवत ओळखता आलं पाहिजे. मारवेलच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. ते बसून, बोटांत धरून पाहावं लागतं. अशी नजर असलेली माणसं फार थोडी आहेत. म्हणूनच माळरानावर सरसकट गिरिपुष्प लावून त्याला हिरवाई म्हणण्याची चूक आपल्याकडे वर्षानुवर्षं होत आली.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.एस्सी. बॉटनी किंवा पर्यावरणशास्त्र, नाहीतर दापोली वा अकोल्यात वनशास्त्राची पदवी, पुढे एम.एस्सी. संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळण्याचं तंत्र) टाळू नका, मुलं नेमकी तिथेच मागे पडतात. नोकऱ्या वन विभागात (यूपीएससीची भारतीय वनसेवा, एमपीएससीची राज्य वनसेवा), पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, बंगळूरच्या ‘एट्री’ या संशोधन संस्थेत, म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमध्ये, शिवाय पर्यावरण सल्लागार कंपन्यांत.

पालकांना स्पष्ट सांगायला हवं : सुरुवातीची काही वर्षं बहुतेकदा प्रकल्पावरच्या कंत्राटी नेमणुका असतात, मानधन बेताचं असतं. घरावर कर्जाचा बोजा असेल तर वनसेवेची तयारी सोबत ठेवावी. मुलगी रानात एकटी कशी फिरेल, हाही प्रश्न येतो. फील्डवर्क सहसा गटाने आणि स्थानिक माणसांच्या सोबतीने होतं. निर्णयाआधी तिला एक पावसाळा द्या. गावाभोवतीच्या पन्नास वनस्पती तिने ओळखाव्यात, वहीत नोंदवाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहाव्यात. दिवाळीपर्यंत ती वही भरत राहिली, तर पुढच्या वर्षी तिला बॉटनीचा अर्ज निःशंक भरू द्या.