सोनोग्राफीचा तक्ता आणि पाड्यावरचे बाळ



गेल्या पावसाळ्यात पाड्यावरील एका गरोदर सुनेला मी सोनोग्राफीसाठी नेले. आठवा महिना होता. अहवालात 'बाळाची वाढ कमी' असे लिहिले होते. सासू म्हणाली, "ताई, आमच्यात पोरं बारीकच होतात." मलाही ते पटले. ती माझी चूक होती. का, ते आज समजून घेऊ.

सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात, त्यावरून वजनाचा अंदाज काढतात आणि तो तक्त्याशी ताडून पाहतात. पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा हॅडलॉक यांचा 1991 चा तक्ता अमेरिकेतील, मुख्यतः मध्यमवर्गीय गोऱ्या मातांच्या मोजमापांवरून तयार झाला. मग तो आपल्या भगिनींना लागू पडतो का?

अभ्यासकांचे यावर एकमत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला 'इंटरग्रोथ-21' हा अभ्यास आठ देशांत झाला; त्यात आपले नागपूरही होते. माता निरोगी आणि नीट खाणाऱ्या असतील, तर बाळांची वाढ सगळीकडे जवळपास सारखीच होते, असे त्यात दिसले. 2015 च्या अमेरिकेतील अभ्यासात मात्र 39 व्या आठवड्यात गोऱ्या मातांच्या बाळांचे अंदाजे वजन सुमारे 3500 ग्रॅम, तर आशियाई मातांच्या बाळांचे सुमारे 3270 ग्रॅम आढळले.

म्हणजे बाळ मुळातच थोडे लहान असू शकते. पण उपासमार, रक्तक्षय, हिवताप यांमुळेही ते लहान राहते. एकच मोजमाप हा भेद सांगत नाही. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

1. पहिली सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत करावी. दिवस चुकीचे धरले, तर चांगले बाळही लहान ठरते.
2. शंका आल्यास डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा मोजावे. एका मोजमापाने आकार कळतो, दोन मोजमापांनी वाढ कळते.
3. आईचे वजन, रक्त आणि ताट पाहावे. अंगणवाडीतील अमृत आहार तिच्या पोटात जातो का, हे विचारावे.

त्या सुनेला आशाताईंनी आग्रहाने पुन्हा नेले. बाळाची वाढ थांबली होती. तिला वेळेत मोठ्या दवाखान्यात दाखल केले. मुलगी लहानच जन्मली, पण आज ती आईच्या मांडीवर हसते.

पाड्यावरून दुसऱ्या तपासणीला जायचे गाडीभाडे अनेकींना जड जाते. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा, आणि जमेल तसा त्या भाड्यालाही हातभार लावा.