मोबाईल उशाशी, झोप वेशीबाहेर

दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन पालक माझ्याकडे येतात तेव्हा तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही, चिडचिड होते, सकाळी उठवत नाही. एखादे टॉनिक लिहून द्या, असा आग्रह असतो. मी आधी विचारतो, "रात्री मोबाईल कुठे असतो?" उत्तर बहुतेक वेळा "उशाशी" असेच येते.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलवर भरली. आजच्या मुलांना इंटरनेटशिवायचे घर ठाऊक नाही. त्यातून ती पुष्कळ शिकतात, हेही खरे. परंतु त्याची किंमत प्रथम झोपेतून वसूल होते व ती घरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

असे का होते? अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. वयात येताना ही वेळ निसर्गतःच पुढे सरकते. म्हणजे रात्री दहाला न पेंगणारा मुलगा आळशी किंवा हट्टी नसतो. त्यात डोळ्यांवर मोबाईलचा उजेड पडला की झोप आणखी लांबते. शिवाय एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, मित्रांचे संदेश येत राहतात, आणि मन जागेच राहते.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. बाराला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाची रोज किमान दोन तासांची उधारी होते. दिवसा केलेला अभ्यास मेंदू झोपेत पक्का करतो. त्यामुळे जागून वाचलेले वाया जाते, त्याला टॉनिक काय करणार?

घरी एवढे करून पाहा :

१) झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बंद. रात्री तो बैठकीच्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे.

२) सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू नये.

३) संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. दिवसा मैदानावर खेळू द्यावे.

४) नियम आईवडिलांनीही पाळावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. तो मोठ्यांनाही लागू होता, हे त्यातले मर्म.

मोबाईल काढून घेताच मूल अनावर होत असेल, शाळा-जेवण सुटले असेल किंवा ते जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर रागावत न बसता डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.